गुलमर्गचा बर्फ, साकोलीची गार

जानेवारीत भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत थंडी चांगली मुरलेली असते. धुऱ्यावरची तूर कापणीला आलेली, हरभऱ्याने घाटे धरलेले, धान निघालेल्या बांधीत लाखोरी फुलोऱ्यावर आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे नुकते हिरवे झालेले. अशात एका रात्री थंडी एकाएकी पळते. दोन दिवसांत पहाटेचा पारा पाच-सहा अंशांनी चढतो, उत्तरेचा कोरडा वारा पडतो आणि आग्नेयेकडून दमट झुळूक सुरू होते. गावात बहुतेकांना हायसं वाटतं. हवामानावर नजर ठेवणाऱ्याने मात्र याच सकाळी सावध व्हावं. पूर्व विदर्भात हिवाळी गारपिटीची पहिली खूण बहुधा हीच असते, आणि ती आभाळ निरभ्र असतानाच दिसते.

२०२१ च्या डिसेंबरअखेर विदर्भात गारा पडल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नागपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्याला पुन्हा पावसा-गारांनी झोडपलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली राज्यभरची गारपीट तर शेतकरी विसरलेला नाही. प्रत्येक वेळी नंतर एकच प्रश्न विचारला गेला : हे आधी कळलं नसतं का? हवामान विभागाला विचारायचा तो प्रश्न आहेच. पण आता राडारचं चित्र, उपग्रहाचं चित्र आणि संगणकी प्रारूपांचे नकाशे कोणाच्याही मोबाइलवर दिसतात. म्हणून तो साकोली-लाखनीच्या हौशी निरीक्षकालाही विचारता येतो. माझं उत्तर असं : तीन दिवस आधी 'आपल्या भागात धोका आहे' इतकं सांगता येतं, आणि तास-दोन तास आधी 'आपल्या गावाकडे येतंय' असं सांगता येतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये गावाचं नाव घेऊन जो ठामपणे बोलतो, त्याच्यापाशी तसं बोलण्याइतकी माहिती नसते.

आधी हे घडतं कसं ते पाहू. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात एकामागून एक हवेचे भोवरे पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. महिन्याला चार-सहा तरी येतात. काश्मीर, हिमाचलात बर्फ पडतो तो यांच्यामुळे, आणि उत्तरेतल्या गव्हाला हिवाळी पाऊस मिळतो तोही यांच्यामुळेच. बहुतेक विक्षोभ हिमालयाच्या अंगाने निघून जातात आणि विदर्भाला त्यांचा पत्ताही लागत नाही. एखाद्याची वरच्या हवेतली कमी दाबाची पन्हळ मात्र इतकी खोल असते, की तिचं टोक मध्य भारतापर्यंत लोंबतं. मग साकोलीच्या डोक्यावर पाच-सहा किलोमीटर उंचीवर उत्तरेची गारठलेली हवा येऊन बसते. त्याच वेळी ओडिशा आणि बंगालच्या उपसागरावर जास्त दाबाचं क्षेत्र असेल, तर त्याच्या कडेने वळून येणारा वारा समुद्राची वाफ थेट वैनगंगेच्या खोऱ्यात आणून टाकतो. खाली उबदार ओलसर हवा आणि वर गारठा, अशी ही रचना टिकणारी नसते. खालची हवा वर उसळते आणि गडगडाटी ढग उभे राहतात.

थंडी पळते ती या ओलाव्यामुळे. कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते. हवेत वाफ वाढली की ती उष्णता अडते. म्हणून चढलेला किमान पारा म्हणजे समुद्राची हवा पोहोचल्याची पावती. गोंदिया हे अनेकदा विदर्भातलं सर्वांत थंड ठिकाण असतं. तिथलं किमान तापमान रोज वर्तमानपत्रात येतं, आणि ते दोन दिवस सलग चढलं तर साकोलीकराला ती आयती सूचना आहे.

आता तिकडे बर्फ आणि इकडे गार का, ते पाहू. गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर आहे, साकोली जेमतेम अडीचशे मीटरच्या आसपास. हिवाळ्यात आपल्याकडे हवेतली गोठणरेषा सुमारे चार किलोमीटरवर असते. तिथून निघालेलं हिमाचं पीस सेकंदाला मीटरभर वेगाने खाली येतं. म्हणजे जमिनीवर यायला त्याला तासभर लागणार, आणि वाटेतल्या उबदार हवेत ते विरघळून पाणी होणार. बोराएवढी गार तेच अंतर चार-पाच मिनिटांत कापते, त्यामुळे ती पुरती वितळत नाही. पावसाळ्यात ढग याहून मोठे असतात, तरी गारा क्वचित पडतात. त्याचं एक कारण तेव्हा गोठणरेषा साडेपाच किलोमीटरच्या आसपास चढलेली असते, आणि दुसरं म्हणजे वरची हवा इतकी थंड नसते. तिकडे गुलमर्गला बर्फ पाडणारा आणि इकडे साकोलीत गार पाडणारा विक्षोभ पुष्कळदा एकच असतो. काश्मीरमध्ये जोरदार हिमवृष्टीची बातमी आली की साकोलीतल्या हौशी निरीक्षकाने नकाशे उघडावेत.

हे नकाशे कोणते? विंडीसारख्या संकेतस्थळांवर युरोपीय आणि अमेरिकी प्रारूपांचे अंदाज फुकट दिसतात. बहुतेक लोक थेट पावसाचा थर उघडतात आणि साकोलीवर निळा-जांभळा ठिपका दिसला की चित्र पुढे पाठवतात. घाई होते ती इथेच. युरोपीय प्रारूप साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत हवा पाहतं, अमेरिकी १३ च्या. गारांचा पट्टा कित्येकदा दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो. चौकटीपेक्षा लहान गोष्ट प्रारूपाला दिसत नाही, ती फक्त अंदाजाने धरलेली असते. म्हणून पावसाचा ठिपका सोडून त्यामागची कारणं पाहावीत. ५०० हेक्टोपास्कल पातळीवरची, म्हणजे पाच-सहा किलोमीटर उंचीवरची, पन्हळ विदर्भापर्यंत उतरते आहे का? तिथलं तापमान उणे दहाच्या बरंच खाली जातंय का? खालच्या थरात आग्नेयेचा वारा आहे का, आणि दवबिंदू चढतोय का? या चारही गोष्टी जुळत असतील, दोन्ही प्रारूपं त्यावर एकमत असतील आणि प्रारूप पुन्हा पुन्हा चालवलं जातं त्या सलग तीन-चार धावांमध्ये चित्र बदललं नसेल, तर तीन दिवस आधी 'पूर्व विदर्भात गारांची शक्यता' म्हणायला आधार आहे. एकाच धावेतलं दहाव्या दिवसाचं चित्र हा आधार नव्हे.

पडताळा आपल्या जवळच आहे. नागपूरहून हवामान विभागाचा फुगा वर सोडला जातो, आणि त्याने मोजलेलं प्रत्येक उंचीवरचं तापमान, ओलावा आणि वारा इंटरनेटवर पाहायला मिळतो. ज्या दिवशी धोका वाटतो त्या सकाळी ही नोंद पाहणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बाकीचं सारं गणित आहे, हे मोजमाप आहे.

आकाशही सांगतं. विक्षोभाच्या पुढे उंच, पातळ ढगांची चादर येते. ती बर्फाच्या बारीक कणांची असते, त्यातून चंद्रप्रकाश वळतो आणि चंद्राला खळं पडतं. हात लांब करून बोटं फाकवली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर भरतं, साधारण तेवढी खळ्याची त्रिज्या. जुनी माणसं खळ्यावरून पाऊस सांगत, त्याला असं भौतिक कारण आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीबद्दल मला हे म्हणता येत नाही. अक्षय्य तृतीयेला मांडलेल्या धान्याच्या दाण्यांचा आणि पुढच्या जानेवारीतल्या हवेचा कार्यकारण संबंध दाखवता येत नाही. तिथे जमणाऱ्या शेतकऱ्याची गरज खरी आहे, आणि म्हणूनच त्याला तपासता येईल असा अंदाज मिळायला हवा.

तपासणं म्हणजे काय, यासाठी एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८४ मध्ये अमेरिकेत जॉन फिन्ली या लष्करी हवामान निरीक्षकाने चक्री तुफानांचे, म्हणजे टोर्नॅडोंचे, अंदाज द्यायला सुरुवात केली. २८०३ अंदाजांपैकी ९६.६ टक्के बरोबर आले, असं त्याचे आकडे सांगत होते. त्यावर गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की रोज डोळे मिटून 'तुफान येणार नाही' म्हटलं असतं तर ९८.२ टक्के गुण मिळाले असते. फिन्लीने 'येणार' म्हटलेल्या १०० वेळांपैकी २८ वेळा तुफान खरंच आलं होतं, आणि २३ तुफानं त्याच्या हातून निसटली होती. हे २८, ७२ आणि २३ असे तीन आकडेच त्याचं खरं प्रगतिपुस्तक. साकोलीतही हिवाळ्याचे बहुतेक दिवस गारांविना जातात. 'माझे अंदाज नव्वद टक्के खरे ठरतात' म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं : गार पडेल असं किती वेळा म्हणालात, त्यातल्या किती वेळा पडली, आणि न सांगता किती वेळा पडली? उत्तर वहीत तारखेनिशी लिहिलेलं असेल तर त्या माणसाचं ऐकावं, तो शाळेत शिकलेला असो वा नसो.

आता शेवटचे तास. हौशी माणसाचा खरा उपयोग इथे आहे. नागपूरचं डॉप्लर राडार साकोलीपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर आहे. त्याची चित्रं दर काही मिनिटांनी बदलतात. त्यातलं 'मॅक्स झेड' नावाचं चित्र उघडलं की नकाशाच्या वर आणि उजवीकडे दोन अरुंद पट्ट्या दिसतात. लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. त्या पट्ट्या ढगाची उंची दाखवतात, आणि गारेचं गुपित तिथेच असतं. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेली कसोटी आजही वापरात आहे : ४५ डीबीझेडचा (डीबीझेड हे राडारकडे परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या जोराचं माप) प्रतिध्वनी गोठणरेषेच्या वर १.४ किलोमीटरपेक्षा अधिक चढला, की गारांची शक्यता सुरू होते. आपल्या हिवाळ्यात हा हिशोब साडेपाच किलोमीटरच्या आसपास येतो. नकाशातला लाल ठिपका नुसता जोराच्या पावसाचाही असू शकतो. तोच लाल रंग बाजूच्या पट्टीत उंच गेलेला दिसला तर पुढचा विचार करू नये, कामाला लागावं.

हिवाळ्यातले हे ढग वरच्या पश्चिमी वाऱ्याबरोबर चालतात, म्हणजे साधारण नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात. नागपूर, उमरेड, पवनीच्या बाजूला उठलेला ढग साकोलीकराने पाहायचा, गोंदियाकडचा निघून गेलेला असतो. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या ढगाला भंडाऱ्याहून साकोलीला यायला तास लागतो, लाखनीहून अर्धा. राडारचं चित्र मिळायला उशीर झाला तर लाखनीच्या सोयऱ्याला केलेला फोन त्याहून खात्रीचा. 'काकाजी, तिकडं नुसता पाऊस आहे का गारा?' एवढा एक प्रश्न पुरतो. हवामान विभागाचा तीन तासांचा तात्कालिक इशाराही याच टप्प्यात येतो, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं. हौशी अंदाज यांच्या जोडीला असावा. त्याने कधीही अधिकृत इशारा खोडून 'काही होत नाही' असं सांगू नये.

अर्ध्या तासात काय होतं? उभा हरभरा वाचवता येत नाही, हे मान्य करावं लागेल. पण कापून ठेवलेल्या तुरीवर ताडपत्री पडते. मळणीचे राहिलेले धानाचे पुंजणे झाकले जातात. खरेदी केंद्राच्या अंगणात उघड्यावर पडलेली पोती आत घेता येतात. गुरं गोठ्यात येतात, राखणीला गेलेली माणसं झाडाखालून निघून पक्क्या छपराखाली पोहोचतात. तीन दिवस आधीच्या सूचनेवर भाजीपाल्याच्या वाफ्यावर जाळी ताणता येते, पिकलेली तूर दोन दिवस आधी कापून घेता येते आणि फवारणी पुढे ढकलता येते. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्ह्यासाठी असा सल्ला तयार करणारी कृषी हवामान केंद्रं देशभर उभी राहिली होती. ती २०२४ मध्ये बंद करण्यात आली. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. नागपूरचा नकाशा साकोलीच्या बांधीपर्यंत आणणारा माणूस त्यातून गेला.

गार पडून गेल्यावरही निरीक्षकाचं काम संपत नाही. नागपूरहून निघालेली राडारची सगळ्यात खालची किरणरेषा साकोलीपाशी पोहोचते तेव्हा ती जमिनीपासून सव्वा किलोमीटरच्या आसपास उंच असते. त्याखाली काय झालं, गार वितळली की पोहोचली, किती मोठी होती, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. पर्जन्यमापकात गार वितळून पाण्याच्या आकड्यात मिसळते, वेगळी उरत नाही. ब्रिटिश काळात जॉन इलियट यांनी १८८३ ते १८९७ या वर्षांतल्या भारतातल्या गारपिटींची नोंद छापली, ती अशाच कळवलेल्या माहितीवर उभी होती. म्हणून सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वारा कुठून आला, आणि दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवलेल्या गारेचा फोटो, इतकं तरी टिपून ठेवावं. ते नाणं २७ मिलीमीटर व्यासाचं असतं. 'लिंबाएवढी' हे बोलायला ठीक, मोजायला नाणं बरं. कोणत्या शिवारात पडली आणि कोणत्या शिवारात नाही, हेही लिहावं, कारण पट्ट्याची रुंदी त्यातूनच कळते.  नुकसानीची सूचना द्यायची असेल तर तिला वेळ-तारखेचे हेच फोटो जोडावेत, आणि वहीतल्या त्या दिवसाच्या ओळीपुढे आदल्या दिवशी आपण काय म्हणालो होतो तेही लिहून ठेवावं.