झाड घाटातलं, झाड वाक्यातलं

आज झाडांविषयी बोलू या. एक झाड येडशीच्या रामलिंग घाटात उभं आहे, दुसरं आपल्या रोजच्या बोलण्यात.

घाटातलं झाड मोजायचं तर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप गुंडाळून खोडाचा घेर घेतात. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरतात, वर दुभंगलं तर एकच. (बांधावरचा लिंब विकताना व्यापारी नुसत्या नजरेनं अंदाज सांगतो. आपल्या हातात टेप असावा.)

संगणकाला भाषा शिकवणारेही वाक्याचं झाड काढतात, पण उलटं. मूळ वर, फांद्या खाली. मुळाशी बहुतेक वेळा क्रियापद असतं. ‘सुनेने सासूला पैसे दिले’ यात ‘दिले’ हे मूळ. सून, सासू आणि पैसे या त्याच्या फांद्या. ‘सासूला पैसे सुनेने दिले’ म्हटलं तरी झाड तेच. कोणी दिले, कोणाला दिले, हे आपल्याकडे शब्दाच्या जागेवरून नाही, ‘ने’ आणि ‘ला’ वरून कळतं.

इथं एक नियम कडक आहे: प्रत्येक शब्द एकाच शब्दाला लटकला पाहिजे. आपल्या वडाला तो मानवत नाही. पारंबी जमिनीत रुजली की तीच खोड होते. या हिशोबानं वड झाडच नव्हे!

आता गटाचं रजिस्टर उघडा. समजा, ठराव असा आहे: ‘गरजू विधवा आणि परित्यक्ता महिलांना आधी कर्ज द्यावे.’ ‘गरजू’ कुठं लटकला? तो फक्त ‘विधवा’ला लटकला, तर प्रत्येक परित्यक्तेचा नंबर आधी लागतो. दोघींना मिळून लटकला, तर तिलाही आपली गरज दाखवावी लागते. शब्द तेच, झाडं दोन, आणि मधे एका बाईचं कर्ज अडकलेलं.

अशा जागी यंत्र त्याला दाखवलेल्या झाडांवरून निवड करतं. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या जागतिक प्रकल्पात भाषाभाषांची हातानं तपासलेली वाक्यझाडं ठेवली आहेत. तिथल्या हिंदीच्या एकाच संग्रहात १६,००० च्या वर वाक्यं आहेत. मराठीचा २०१७ सालचा संग्रह ५०० वाक्यांचाही नाही, आणि तीही मुख्यतः गोष्टींतली. बचत, हप्ता, जामीन यांची आपली बोली त्याला कोण शिकवणार?

तोवर आम्ही गटांना सांगतो, ठराव फोडून लिहा. अट दोघींना हवी असेल तर ‘विधवा आणि परित्यक्ता महिलांपैकी ज्या गरजू आहेत, त्यांना’. एकीलाच हवी असेल तर ‘सर्व परित्यक्ता महिलांना, तसेच गरजू विधवांना’. आणि सही करण्याआधी तो बैठकीत मोठ्यानं वाचा.