स्त्रीधनाची यादी : काशीच्या ग्रंथापासून कुटुंब न्यायालयापर्यंत

विवाह, वारसा आणि स्त्रीधन यांविषयीच्या हिंदू विधीचा विचार ज्या वाराणसीत शतकानुशतके झाला, तेथे या विचाराचा मोठा भार मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्याने वाहिला. याच घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला, आणि त्यातील ‘व्यवहारमयूख’, म्हणजे दावे व न्यायनिर्णय यांचे प्रकरण, पुढे गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथील वारसाहक्काच्या दाव्यांत मुंबई उच्च न्यायालयाने प्रमाण मानले. १९२६ साली त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे पां. वा. काणे हे स्वतः त्याच न्यायालयातील वकील होते.

या परंपरेत विवाह हा संस्कार असल्याने घटस्फोटाला शास्त्राचा आधार नव्हता, जरी अनेक जातींत रूढीने काडीमोड होत असे. स्त्रीधनाचा, म्हणजे आईवडील, भाऊ व आप्तेष्ट यांच्याकडून स्त्रीला मिळालेल्या धनाचा, विचार मात्र निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ रचणाऱ्या पंडितांनी, बारकाईने केला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट सर्व हिंदूंना खुली केली, आणि हे दोन्ही प्रश्न आज एकाच वकिलाच्या मेजावर येतात.

अनुभवी वकील प्रथम दावा कोठे चालेल हे पाहतो. वाराणसीत सासर असलेली आणि पुण्यास माहेरी परतलेली पत्नी, हिंदू विवाह कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीमुळे, पुण्यातच अर्ज करू शकते. पतीने वाराणसीत दावा आधीच लावला असल्यास तो दुसऱ्या राज्यात हलवण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाकडे करावी लागते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, आणि पक्षकाराला वकील देण्याचा हक्क तेथे आपोआप मिळत नाही, त्यासाठी परवानगी लागते. म्हणून वकिलाचे खरे कौशल्य युक्तिवादापेक्षा पूर्वतयारीत दिसते. पोटगीच्या प्रकरणात उभयतांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, हे २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरले आहे.

या तयारीत सर्वांत किचकट काम स्त्रीधनाच्या यादीचे असते. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र यांची वजने सराफाच्या पावत्यांशी ताडली जातात, लग्नाच्या छायाचित्रांत कोणता दागिना कोणाच्या अंगावर आहे हे पाहिले जाते, बँकेतील लॉकर कोणाच्या नावावर आहे याची खात्री केली जाते. सासरच्या ताब्यात असले तरी स्त्रीधन पत्नीच्याच मालकीचे राहते आणि ते परत न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. परंतु दागिना दिला गेला हेच सिद्ध झाले नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून प्रत्येक मराठी कुटुंबाने लग्नाच्या दिवसांतच मुलीच्या दागिन्यांची व भेटवस्तूंची यादी करावी, तिच्यावर दोन्ही घरांच्या सह्या घ्याव्यात आणि पावत्यांसह ती मुलीच्याच हाती द्यावी. तिची गरज कधी न पडो, पण ती मुलीजवळ असावी.