एक वही, चार मुनीम

संगणकाविषयी कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, हे काहींना खटकेल. पण ज्या यंत्रावर आपल्या पावसाचा अंदाज निघतो ते कसे चालते, एवढे विचारायला विज्ञानाची पदवी कशाला हवी? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि वडिलांचा सारा हिशेब आभाळावर.

नेकनूरच्या बाजारातले एखादे भुसार दुकान डोळ्यांसमोर आणा. मुनीम चार आणि वही एकच. एक लिहितो, तिघे खोळंबतात. मुनीम आठ केले तर काम दुप्पट होत नाही, रांग मात्र वाढते. आजच्या संगणकाच्या एका चिपमध्ये असेच अनेक 'कोअर' असतात आणि त्यांची स्मृती समाईक असते. समाईक विहिरीवरची पाळीची भांडणे ज्याने पाहिली आहेत, त्याला पुढचे सांगायला नको!

बरे, पाळी मोडूनही चालत नाही. दोन मुनिमांनी एकदमच ५० हा आकडा वाचला आणि प्रत्येकाने एक मिळवून ५१ लिहिले, तर एक पोते हिशेबातून गेलेच. म्हणून वहीला कुलूप लागते; आणि कुलूप आले की रांग आली.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येकाने आपापली कच्ची वही ठेवावी आणि बेरीज संध्याकाळी एकदाच करावी. मात्र यातही एक गंमत आहे. कोअर स्मृतीतून एकेक आकडा उचलत नाही, बहुधा ६४ बाइटांचे अख्खे पानच जवळ घेतो. त्यात आठ-आठ बाइटांचे आठ आकडे मावतात. दोघांचे आकडे वेगळे, पण पान एकच असेल, तर एकाने लिहिताच दुसऱ्याजवळची प्रत रद्द होते. भांडण नसताना ओढाताण! तेथे मधली जागा कोरी सोडतात. कागद वाया जातो खरा, पण वेळ वाचतो, आणि मला हा सौदा पटतो.

या विचाराचे मोठे रूप पुण्यात घडले. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये तेथे 'सी-डॅक' ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये तयार झालेल्या 'परम ८०००' मध्ये समाईक वहीच ठेवली नाही. 'ट्रान्सप्युटर' नावाच्या प्रत्येक चिपला स्वतःची स्मृती होती, आणि शेजाऱ्याला हवे ते निरोपाने कळवायचे. अर्थात निरोपालाही वेळ लागतो. म्हणून काम असे वाटावे लागते की निरोप थोडे जावेत.

हवामानाचे गणित अशा वाटणीला सोयीचे आहे. नकाशाचे चौकोन पाडून वाटून द्यायचे. प्रत्येकाने आपले वारे, आपली वाफ मोजायची आणि फक्त कडेचे आकडे शेजाऱ्याला सांगायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये 'अर्क' हा महासंगणक आला, आणि २०२५ पासून अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरांवरून ६ किलोमीटरांवर आला. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, आणि कडेच्या निरोपांचा पसाराही वाढतो.