कुळाचार तोंडपाठ, पण कुळाचं दुखणं?

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. देवी इथं बीड जिल्ह्यात आणि लेकरं कोकणात नाहीतर पुण्यामुंबईला! तरी नवरात्रात, किंवा घरात लग्नकार्य झालं की नव्या जोडप्याला घेऊन मंडळी आवर्जून येतात, देवीची ओटी भरतात. गोत्र, मूळ गाव, कुळाचार सगळं तोंडपाठ असतं. काही घराण्यांचे तर छापील कुलवृत्तांतही आहेत.

पण त्याच घरात विचारून पाहा, "आजोबा कशानं गेले हो?" "वय झालं होतं." "आणि मोठे काका?" "अंगावर सूज आली होती, चार-सहा महिने अंथरुणावर होते." बस्स, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नसतं. आत्या-मावश्यांचं तर विचारायलाच नको; लग्न झालं की त्यांचं पान पुष्कळदा तिथंच संपतं.

मैत्रिणींनो, आज या राहून गेलेल्या पानाविषयी बोलायचं आहे. मूत्रपिंडांची, म्हणजे आपण ज्यांना किडनी म्हणतो त्यांची, काही दुखणी पिढ्यान् पिढ्या चालत येतात. लग्नात मुलीचं गोत्र बदलतं, पण माहेरच्या रक्तातून आलेलं बीज बदलत नाही. ते तिच्याबरोबर सासरी येतं. म्हणून एकट्या सासरच्या कुळाची माहिती पुरत नाही, दोन्हीकडची लागते.

न बोलणारी गाळणी

एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. काही बिघडल्या तर बाकीच्या त्यांचं काम उचलतात, अगदी एकत्र कुटुंबातल्या जावांसारख्या. त्यामुळे निम्मं काम मंदावेपर्यंत ना दुखत, ना खुपत. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा तोवर जेमतेमच वाढलेलं असतं. पायावर सूज, मळमळ, थकवा ही लक्षणं दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणूनच कुणाला धोका आहे हे आधी ओळखणं महत्त्वाचं.

रुपयात आठ आणे

आनुवंशिक दुखण्यांत सर्वांत जास्त आढळणारं म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी. यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्यानं भरलेल्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला हा आजार असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता रुपयात आठ आणे. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. आणि पहिल्याला आला म्हणून दुसरं सुटलं, असा हिशोब इथं चालत नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्यानं उडतं.

यामागची दोन मुख्य जनुकं १९९४ आणि १९९६ साली सापडली. पहिल्यातला दोष जास्त जणांत दिसतो आणि मूत्रपिंडं लवकर थकवतो. दुसऱ्यातला तुलनेनं सौम्य असतो. तिशीतच रक्तदाब चढणं, कुशीत दुखणं, लघवीतून रक्त जाणं, वरचेवर खडे होणं या त्याच्या खुणा. मात्र सोनोग्राफीत वयपरत्वे एखादी साधी गाठ दिसली, तर लगेच घाबरून जाऊ नका. ती पुष्कळांना असते आणि बहुधा निरुपद्रवी असते.

दुसरं दुखणं अल्पोर्टचं. लघवीतून रक्त जातं, पुढं ऐकू कमी येऊ लागतं. त्याच्या नेहमीच्या प्रकारात मुलग्यांना त्रास जास्त होतो, काहींची मूत्रपिंडं ऐन तारुण्यातच निकामी होतात. बीज आलेलं असतं आईकडून. ती वरवर ठणठणीत दिसते, पण तपासलं तर तिच्याही लघवीत डोळ्यांना न दिसणारं रक्त बहुधा सापडतं. पुढे तिलाही त्रास होऊ शकतो, म्हणून तिनंही तपासण्या करत राहायला हव्यात. आणि घरच्यांनी "आईच्या रक्तातच खोट होती" असं म्हणणं सोडून द्यावं. कुठलं जनुक द्यायचं हे कुणी आई निवडत नाही, आणि कुणी बापही नाही.

मामाची मुलगी

आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रीतीचं मानतात. इरावती कर्वे यांनीही आप्तसंबंधांवरच्या आपल्या अभ्यासात या चालीची नोंद केली आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांची साधारण एक अष्टमांश जनुकं समान असतात. काही आजार असे असतात की सदोष जनुक आईवडील दोघांकडून आलं, तरच मूल आजारी पडतं. दोघंही वाहक असले, तर दर गरोदरपणी ती शक्यता चारात एक असते. लहान मुलांमधले मूत्रपिंडाचे काही गंभीर आजार याच जातीचे.

नात्यातल्या लग्नांतून झालेली बहुतेक मुलं धडधाकट असतात, हेही खरं. पण घरात एखादं लेकरू मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेलं असेल, तर नात्यात सोयरीक जुळवण्याआधी तज्ज्ञांचा सल्ला घ्याच. आणि स्थळ मोडेल म्हणून आजार लपवू नका. लपवल्यानं आजार टळत नाही, इलाजाची वर्षं तेवढी हातची जातात.

मधुमेह सगळ्यांनाच नाही छळत

मूत्रपिंडं निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं मात्र मधुमेह आणि रक्तदाब हीच. तिथंही घराण्याचा हात असतो. मधुमेह प्रत्येकाची मूत्रपिंडं बिघडवत नाही. पण एका मधुमेही भावंडाची बिघडली असतील, तर दुसऱ्या मधुमेही भावंडाला धोका जास्त असतो. अशा घरात साखर आणि रक्तदाब दोन्ही काटेकोर हवेत.

किडनी कोण देणार?

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. कधी आई, कधी पत्नी, कधी बहीण. पण आजार आनुवंशिक असेल, तर देणाऱ्या भावंडाला किंवा मुलालाही तो नाही ना, याची आधी नीट खात्री करावी लागते. पत्नीचं नातं रक्ताचं नसल्यानं तो प्रश्न बहुधा येत नाही, पण तिची स्वतःची प्रकृती तितकीच बारकाईनं तपासली पाहिजे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं देणाऱ्याची राजीखुशी आवश्यक मानली आहे. मनातून नको असेल तर डॉक्टरांशी एकांतात बोला. "नाही" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

घरात एवढं करा

हिशोबाच्या वहीत दोन पानं राखून ठेवा, एक माहेरचं, एक सासरचं. तीन पिढ्यांतल्या कुणाला डायलिसिस लागलं, कुणाला ऐन तरुणपणी रक्तदाब होता, कुणाला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, कोण सूज येऊन गेलं, ते वयासकट लिहा.

अशी एखादी नोंद सापडली, तर घरातल्या मोठ्या माणसांनी रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. पॉलिसिस्टिकचा संशय असेल तर सोनोग्राफी करावी. तरुणपणी ती निर्मळ आली तरी डॉक्टरांना विचारून पुढे पुन्हा करावी लागते. यासाठी दर वेळी मोठं शहर गाठायला नको. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे. तुमच्या गावाजवळचं असं रुग्णालय शोधून ठेवा.

गुडघे दुखले की दुकानातून परस्पर गोळ्या आणणं बंद करा. त्या मूत्रपिंडांना बाधतात. कुणी दिलेली भस्मंही तशीच. लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ कमी करा. डाळी किंवा पाणी मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना घराण्यातला आजार आधी सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणी चालत नाहीत.

बीज बदलणं अजून आपल्या हाती नाही, पण रक्तदाब आटोक्यात ठेवणं आहे. तेवढ्यानंही मूत्रपिंडांना कितीतरी वर्षं मिळतात. पॉलिसिस्टिकच्या काही निवडक रुग्णांत गाठींची वाढ मंदावणारं टोलवॅप्टन हे औषधही आता आहे. ते महाग आहे, आणि यकृतावर लक्ष ठेवूनच घ्यावं लागतं.

तेव्हा येत्या दिवाळीला माहेरी जाल, तेव्हा फराळ झाल्यावर थोरल्या आत्याजवळ निवांत बसा. घरातलं कोण कशानं गेलं, ते तिला विचारून घ्या. ती सांगेल, बरं का! आजवर तिला कुणी विचारलंच नसेल.