‘घरचं निस्तरलं की वाचायला लागेल’

तिसरी-चौथीतल्या मुलाला वाचता येत नाही म्हणून भेटायला आलेल्या पालकांशी बोलायला बसलं, की बराच वेळ मुलाचा विषयच निघत नाही. सासऱ्यांना पक्षाघात झालाय, त्यांच्याजवळ दिवसभर कुणीतरी लागतं. यांची कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी मिळाली, पण पगार निम्म्यावर आला. घराचा हप्ता थकलाय, औषधांचं बिल वाढतंय. हे सगळं सांगून झालं की आई खालच्या आवाजात म्हणते, ‘‘या धावपळीत माझं त्याच्याकडे लक्षच राहिलं नाही, म्हणून तो मागे पडला.’’ वडील तिला धीर देत म्हणतात, ‘‘एकदा घरचं निस्तरू दे, तो आपोआप वाचायला लागेल.’’

मुलांना वाचन शिकवण्याच्या कामात ही दोन वाक्यं सतत कानावर येतात. नातेवाईक हेच बोलतात, शेजारी हेच बोलतात, काही शिक्षकसुद्धा हेच बोलतात. मुलाला अध्ययन अक्षमता असेल, तर ही दोन्ही वाक्यं साफ चुकीची आहेत. पहिल्यामुळे आईच्या माथी न केलेला गुन्हा बसतो. दुसऱ्यामुळे मुलाची शिकण्याची मोलाची दोन-तीन वर्षं हातची जातात. म्हणून आधी या गैरसमजाचा नीट निकाल लावू. बाकीचे शेवटी बघू.

अडचण घरात तयार होत नाही

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहिली. मुलगा हुशार, खेळात कुणाच्या मागे नाही, सातव्या वर्षापासून शिकवणी चालू. तरी त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत या विषयावर पुष्कळ संशोधन झालं. बोलायला मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचन मात्र शिकवावं लागतं. त्यासाठी मेंदूला शब्दातले आवाज सुटे करून एकेका अक्षराशी जोडावे लागतात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असलेल्या मुलांमध्ये हे काम करणारं मेंदूच्या डाव्या बाजूचं जाळं वेगळ्या पद्धतीने चालतं, हे मेंदूच्या चित्रणातून दिसलं आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जुळ्या मुलांचे अभ्यास झाले. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला वाचनाची अडचण असेल तर दुसऱ्यालाही ती असण्याची शक्यता, वेगवेगळ्या बीजांतून जन्मलेल्या जुळ्यांपेक्षा बरीच जास्त आढळली. जुळी कोणतीही असोत, दोघं एकाच घरात वाढतात. घरच्या वातावरणामुळेच अडचण येत असती, तर हा फरक पडला नसता.

अजून शंका असेल, तर निदानाचे नियम पाहा. मनोविकारतज्ज्ञ वापरतात त्या ‘डीएसएम-५’ या निकषग्रंथात स्पष्ट अट आहे : घरची प्रतिकूल परिस्थिती, अपुरं शिकवणं, डोळ्यांचा किंवा कानांचा दोष किंवा बौद्धिक अक्षमता यांनी मुलाच्या अडचणीचा उलगडा होत असेल, तर अध्ययन अक्षमतेचं निदान करता येत नाही. याचा अर्थ, रीतसर तपासणीनंतर मुलाला अध्ययन अक्षमता आहे असं ठरलं, तर ‘हे घरच्या परिस्थितीमुळे झालं असेल का’ हा प्रश्न तपासणाऱ्यांनी आधीच विचारून बाजूला ठेवलेला असतो. तरीही घरी आल्यावर आईला तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. हे थांबलं पाहिजे.

पहिलीच्या वह्या काढा

तारखा माणसाच्या आठवणीपेक्षा खऱ्या बोलतात. आजोबा आजारी पडले त्याच्या आधीच्या, पहिली-दुसरीच्या वह्या माळ्यावर असतील तर खाली काढा. ‘प्रकाश’चा ‘पकाश’ झालेला दिसेल, ‘वर्षा’चा रफार गळालेला दिसेल, ‘घर’ आणि ‘धर’ यांची अदलाबदल दिसेल. एकाच पानावर ‘शाळा’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. फळ्यावरचं उतरवून घेतलेलं पान त्यातल्या त्यात बरं असेल आणि त्याच दिवशीचं श्रुतलेखन ओळखू येणार नाही. वाचताना चित्र बघून ‘पाऊस’च्या जागी ‘पाणी’ म्हणणारा हाच मुलगा तोंडी विचारलं की धड्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतो. घरावर संकट येण्याच्या आधीपासूनच्या या खुणा आहेत. संकटाने त्या निर्माण केल्या नाहीत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं, एवढंच झालं.

ताणाचा मुलांवर काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. झोप अपुरी झाली, घरात रोज भांडणं झाली, तर कुठल्याही मुलाचं लक्ष उडतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला हा ताण जास्त जड जातो, कारण त्याला वाचायलाच इतरांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. म्हणून फरक ओळखायचा तो असा : चौथीपर्यंत बरं वाचणारं मूल घरातल्या एखाद्या घटनेनंतर अचानक मागे पडलं, तर त्याचं मन, झोप आणि तब्येत आधी बघा. सुरुवातीपासूनच अक्षरांशी झगडणारं मूल असेल, तर घरची परिस्थिती सुधारायची वाट बघण्यात अर्थ नाही.

आईच्या काळजीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. अध्ययन अक्षमता असलेल्या मुंबईतल्या मुलांच्या आयांचा एक अभ्यास २००९ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक आयांमध्ये सौम्य ते मध्यम चिंता आढळली. मुलाची शाळेतली पीछेहाट आणि त्याचं पुढे कसं होणार, या त्यांच्या मुख्य चिंता होत्या. म्हणजे मुलाच्या अडचणीमुळे आई चिंतेत पडते, आणि लोक म्हणतात की आई चिंतेत असल्यामुळे मूल अडलं. कार्यकारणभाव असा उलटा लावून एका थकलेल्या बाईला आणखी किती थकवायचं?

थांबल्याने काय होतं

‘आपोआप सुटेल’ याचं उत्तरही अभ्यासातूनच मिळतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ पासून ४४५ मुलांचा बालवाडीपासून पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. त्याच माहितीवरचा २०१५ चा निबंध सांगतो, की डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या वाचनातली तफावत पहिलीतच दिसते आणि पौगंडावस्थेतही तशीच राहते. ती आपसूक भरून निघत नाही. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं. त्यापुढे वाचून शिकावं लागतं. इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं पुस्तकातून येतं. चौथीत जो वाचनात अडला तो सहावीत सगळ्याच विषयांत अडतो. मग ‘मला काही येत नाही’ हे त्याच्या मनात पक्कं बसतं, आणि ते काढणं अक्षर शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

‘पण आत्ता पैसेच नाहीत’

हे कारण खरं असतं आणि त्याचा आदर केला पाहिजे. घरात पैशाची चणचण असताना खाजगी तपासणी आणि आठवड्याला दोन-तीन सत्रं परवडत नाहीत. मात्र तपासणीचा तेवढा एकच रस्ता आहे, हा समज चुकीचा आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची मोफत तपासणी होते. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत अध्ययनाच्या अडचणींचाही समावेश आहे. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून पूर्ण तपासणी करतात. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित, अशा त्या टप्प्यांसाठी चार हेलपाटे होतात आणि नंबर लागायला वेळ लागतो. म्हणूनच नाव आज घालायचं. घरचं निस्तरेपर्यंत निदान रांग तरी पुढे सरकते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता आहे. अशी मुलं लवकर ओळखून त्यांच्यासाठी योग्य उपाय करणं, ही अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी असल्याचं हा कायदा सांगतो. म्हणून शाळेशी बोलताना ‘मेहरबानी करा’ असा सूर लावू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात; त्यांच्याकडून मुलाला कशी मदत मिळेल, तेही विचारा.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य आहे. १९९६ साली ही सुरुवात झाली. गरजेप्रमाणे जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गणितात कॅल्क्युलेटर अशा या सवलती आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. शिकवणं मात्र प्रमाणपत्रासाठी अडवून ठेवायचं कारण नाही. सहा वर्षांच्या मुलालाही मदत सुरू करता येते.

आजारपणाच्या खर्चाबद्दलही इथेच सांगते. सासऱ्यांचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तिथे वाचलेला पैसा मुलाच्या शिकवण्याला लागू शकतो.

रोजची वीस मिनिटं

काय उपयोगी पडतं, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली शेकडो अभ्यास तपासून सांगितलं, की अक्षर आणि आवाज यांचं नातं क्रमाने आणि स्पष्ट करून शिकवलं तर मुलांचं वाचन सुधारतं. मराठीत याचा अर्थ असा : आधी सुटी अक्षरं पक्की, मग एकेक मात्रा, मग वेलांटी-उकार, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. ‘बस’ शब्दातले आवाज टाळी वाजवत सुटे करायचे, पुन्हा जोडायचे, मग लिहायचे. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. रविवारी तीन तास बसवून रडवल्याने काही साधत नाही.

विशेष शिक्षकांनी क्रम आखून दिला, की सराव घरातलं कुणीही घेऊ शकतं. आजी घेऊ शकते, कॉलेजात जाणारा काका घेऊ शकतो. आजोबांच्या अंथरुणाशेजारी बसूनही तो होतो. आणि पाठ्यपुस्तकातला धडा त्याला मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे वाचन अडलं तरी ज्ञान अडणार नाही.

उरलेले गैरसमज, थोडक्यात

‘हा आळशी आहे.’ : ज्या ओळीला शेजारच्या मुलाला एक मिनिट लागतं, तिला याला पाच लागतात, तो जास्त कष्ट करतो.

‘बुद्धी कमी असेल.’ : अध्ययन अक्षमतेचं निदान होण्यासाठी बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त असावी लागते.

‘उलटी अक्षरं काढतो म्हणजे डिस्लेक्सियाच.’ : सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं अक्षरं उलटी काढतात, तेवढ्यावरून काही ठरत नाही.

‘इंग्रजी माध्यमामुळे झालं.’ : माध्यम बदलल्याने ओझं कमी होऊ शकतं, पण अक्षमता जात नाही, मराठी माध्यमातही ही मुलं आहेतच.

‘रंगीत काचांचा चष्मा किंवा डोळ्यांचे व्यायाम घ्या.’ : अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात या उपायांना पुरावा नसल्याचं सांगितलं आहे.

‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशनचा कोर्स लावा.’ : अशा कोर्सवाले सांगतात तसं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येत नाही, आधीच कर्जात असलेल्या घराने यावर एक रुपयाही घालवू नये.

‘निरामय विमा मिळेल.’ : ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, ती मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

‘अशी मुलं कलेत असामान्यच असतात.’ : ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने २००७ साली या विषयाला घराघरांत नेलं, हे त्याचं मोठं काम, पण मुलाला मदत मिळण्यासाठी त्याच्यात दडलेला चित्रकार निघालाच पाहिजे, अशी अट नाही.

‘प्रमाणपत्र घेतलं की शिक्का बसतो.’ : ‘ढ’ हा शिक्का वर्गात केव्हाच बसलेला असतो, प्रमाणपत्राने त्याला परीक्षेत वेळ मिळतो.

तीन काळज्या एकदम उभ्या राहिल्या की घर त्यांची रांग लावतं, आणि जे मूल रडत-ओरडत नाही ते रांगेत शेवटी जातं. पक्षाघातातून बरं व्हायला महिने लागतील, कर्ज फिटायला वर्षं लागतील. त्या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात पूर्णपणे नाहीत. शाळेला अर्ज देणं, रुग्णालयात नाव घालणं आणि रोज वीस मिनिटं ठरवून बसणं हे मात्र याच आठवड्यात सुरू करता येतं, आणि त्यासाठी घरचं काहीही आधी निस्तरावं लागत नाही.