जालन्याजवळचं बेथेल

जालन्याजवळच्या बेथेल गावाची गोष्ट बऱ्याच जालनेकरांनाही ठाऊक नसते. रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1860 च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्यात काम उभारलं. त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक मांग समाजातले, गावकुसाबाहेरचे. त्यांच्यासाठी शेषाद्रींनी गाव वसवलं, नाव दिलं बेथेल. बायबलमधला याकोब घर सोडून एकटा निघाला तेव्हा देवाने आपल्याला अन्नवस्त्र पुरवावं, असा नवस त्याने बेथेललाच केला होता. नाव उगाच निवडलेलं नाही!

मला जास्त भावतं ते पुढचं. देवावर भार टाकून शेषाद्री बसून राहिले नाहीत. जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. ख्रिस्ती पाद्री, मुसलमान दिवाण आणि जमीन दलितांच्या गावासाठी. देवाने पुरवठ्याची वाट तरी काय निवडली बघा. मदतीसाठी शेषाद्री स्कॉटलंड-अमेरिकेपर्यंत फिरले. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेतही ते बोलले.

बेथेलबद्दल घरच्या जुन्याजाणत्यांकडून काही ऐकलं असेल, तर जरूर सांगा.