केळं पिकतं कुणाच्या हुकमावर?

धुळ्याच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘गॅसवर पिकवलेली केळी खावीत का?’ खुशाल खा. तो गॅस म्हणजे इथिलीन, आणि केळं तो स्वतःही बनवतं.

रावेर, यावल, सावद्याकडे घड कापतात ते हिरवेगार असताना. पिकलेला घड दिल्लीपर्यंत नेला तर उतरवताना हातात लगदाच येईल. म्हणून पिकवणं मुक्कामी पोचल्यावर. तिथल्या रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, तेही किती? नियमाने जास्तीत जास्त 100 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर. तेवढ्यावर घड चेततो आणि पुढचं इथिलीन आपलं आपण बनवू लागतो. मग पिठूळ गराची साखर होते, सालीचा हिरवा रंग उतरतो.

इथिलीन बनवण्याचा कारभार दोन विकरांचा. एसीसी सिंथेज ‘एसीसी’ नावाचा रेणू बनवतं, एसीसी ऑक्सिडेज त्याचं इथिलीन करतं. हा रेणू फळांत सापडला होता 1957 मध्येच. पण तो तिथे करतो काय, हे बावीस वर्षं कुणाला उमगलं नाही. 1979 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात डग्लस अ‍ॅडम्स आणि शांग फा यांग यांनी सफरचंदाचे तुकडे नायट्रोजनमध्ये ठेवले. इथिलीन थांबलं, एसीसी साचत गेलं. हवा लागू दिली, तसं त्याचंच इथिलीन झालं! दुसऱ्या विकराला ऑक्सिजन लागतो, तो हा असा. कोंडलेल्या पिशवीत केळी उशिरा पिकतात, त्यामागे हेही एक कारण.

एसीसी मुळात येतं मेथिओनिन या अमिनो आम्लापासून, आणि फळात ते असतं तुटपुंजं. मग इथिलीन इतका वेळ निघत कसं राहतं? यांग यांनी उलगडलं ते हे: माल उतरवून रिकामं क्रेट बागेत परत यावं, तसा मेथिओनिनमधला गंधक फिरून नव्या मेथिओनिनमध्ये येतो. या चक्राला यांग यांचंच नाव आहे. तैवानमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाला 1991 मध्ये वुल्फ पुरस्कार मिळाला. सावद्यातल्या एखाद्या चौकालाही त्यांचं नाव शोभेल.

भ्यायचंच तर कार्बाइडला भ्या. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन इथिलीनची नक्कल करतो, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात. म्हणून फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. पण ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेली’ अशा चिठ्ठीसाठी जादा पैसे मोजण्याआधी थोडं थांबा: इथिलीन नळीतून आलं की शेजारच्या पिकल्या केळ्यातून, फळाला दोन्ही सारखंच.